सोबत्यांचा तक्ता : प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै, रविवार

भाच्याशी वाद झाला, त्यातून हे सुरू झालं. विषय तोच, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेत काळातून हिंडणाऱ्या डॉक्टरची सगळ्यात भारी सोबती कोण. मी म्हटलं सेरा जेन स्मिथ. तो म्हणाला, "मावशी, तुझं सगळं जुनं ते सोनं. डोना नोबलसमोर तुझी सेरा जेन पाणी भरेल." पाणी कोण भरेल ते तक्ता करून ठरवू, असं मी बोलून गेले आणि अडकले.

या मालिकेचा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. डॉक्टर मरायला टेकला की त्याचा चेहरा आणि स्वभाव बदलतो, म्हणून नट बदलत गेले तरी मालिका चालू राहिली. मध्ये १९८९ पासून २००५ पर्यंत खंड पडला. १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर त्या काळात पडद्यावर नवं फारसं काही नाही. डॉक्टरसोबत हिंडणारी माणसं तर त्याच्या चेहऱ्यांपेक्षाही जास्त. तक्ता मोठा होणार.

आधी शब्दाचं बघितलं. 'चेला' म्हटलं की गुरू आला. 'हुजऱ्या' अपमानकारक. 'जोडीदार' म्हटलं तर लग्नच लागल्यासारखं वाटतं. मालिकावाले कम्पॅनियन म्हणतात, जुनी वर्तमानपत्रं असिस्टंट म्हणायची. भाच्याने 'पेंद्या' सुचवला. हसू आलं, पण सूचना अगदीच वाया गेली नाही. गवळणीतला पेंद्या बोबडा, लंगडा, तरी कृष्णाला तोंडावर बोलायची मुभा त्याला एकट्याला. शेवटी 'सोबती' ठरवला. पेंद्या समासात लिहून ठेवलाय.

९ जुलै

सोबती कोणाला म्हणायचं? नियम केला : एकाहून जास्त कथांत टार्डिसमधून (डॉक्टरचं कालयंत्र, बाहेरून पोलिसांच्या पेटीसारखं दिसणारं) प्रवास केलेला असावा. दहा मिनिटांत नियम मोडला. सेरा किंग्डम एकाच कथेत आहे, 'द डालेक्स मास्टर प्लॅन' मध्ये, पण त्या कथेचे भाग बारा. शेवटी क्षणात म्हातारी होऊन तिची माती होते. तिला वगळायचं कोणत्या तोंडाने? उलट ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट. पहिल्यांदा दिसला १९६८ मध्ये, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरच्या पाठीशी उभा, पण स्वतःचं ऑफिस सोडून फिरायला जायची त्याला हौस नाही.

"म्हणजे पत्र्याचा कुत्रा चालतो, ब्रिगेडियर चालत नाही," भाचा म्हणाला. केनाइनबद्दल बोलत होता. मुद्दा बरोबर आहे. ब्रिगेडियरसाठी वेगळा कागद काढलाय. तो कागद कोराच राहणार असं वाटतंय.

१३ जुलै, रविवार

आज मोजणी. रकाने तीन : विचारलेले प्रश्न, किंकाळ्या, आणि सुटका (कोणी कोणाला सोडवलं). एक भाग दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून बघायचा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करायच्या, मग आकडे ताडून बघायचे.

एकदाही जुळले नाहीत. "डॉक्टर?" असं नुसतं हाक मारल्यासारखं विचारलं तर तो प्रश्न धरायचा का? भाचा धरत होता, मी नाही. किंकाळ्यांत तर आणखी गोंधळ. मेल बुशची किंकाळी इतकी लांबते की ती एक धरावी की दीड. लीलाने सुरा उगारून आरोळी ठोकली, तीही याने किंकाळीत मांडली होती. अरे, ती लढाऊ जमातीतली बाई. तिने कोणाला घाबरून ओरडायचं?

सुटकेच्या रकान्यात दुसराच घोळ. एस १९८८ च्या कथेत बेसबॉलच्या बॅटने डालेक, म्हणजे डॉक्टरच्या यंत्रकवचातल्या जुन्या शत्रूंपैकी एक, फोडते. त्यात सुटका नेमकी कोणाची? आधी ती स्वतःच लढली, मग डालेकांनी घेरलं तेव्हा डॉक्टर धावून आला. रकान्यात नाव कोणाचं घालायचं यावर अर्धा तास गेला.

१४ जुलै

आणखी एक अडचण, आणि ही आधीच सुचायला हवी होती. जुन्या मालिकेचा भाग साधारण २५ मिनिटांचा, एक कथा चार-सहा आठवडे चालायची. २००५ नंतर बहुतेक वेळा ४५ मिनिटांत कथा संपते. जेमी मॅक्रिमनच्या नावावर शंभराहून जास्त भाग आहेत, कारण साठच्या दशकात वर्षातले बहुतेक शनिवार मालिका लागायची. भागांच्या संख्येवर जेमीला पहिला नंबर देणं म्हणजे जास्त दिवस हजर राहिलेल्या मुलाला हुशार ठरवण्यासारखं. (जेमी मला आवडतो. १७४६ च्या कलोडनच्या लढाईतून आलेला स्कॉटिश पोरगा अंतराळयानात भाबडेपणाने चुकत नाही, ते बघायला मजा येते. पण म्हणून पहिला नंबर नाही.)

मोजणी बंद.

१९ जुलै, शनिवार

उलटीकडून जायचं ठरवलं. सोबती नसला की काय होतं ते बघायचं.

पहिलं, 'द डेडली असॅसिन', १९७६. आदल्याच कथेत सेरा जेन उतरून गेलेली. डॉक्टर झालेल्या टॉम बेकरचं म्हणणं होतं की मला सोबतीची गरज नाही, म्हणून ही एक कथा सोबतीशिवाय करून पाहिली. गंमत बघा. सुरुवातीला डॉक्टर स्वतःशीच मोठ्याने बोलतो, कारण प्रेक्षकाला सांगायचं तर कोणाशी तरी बोलायलाच हवं. मग हळूच स्पँड्रेल आणि एंजिन हे दोन म्हातारे अधिकारी त्याच्या दोन बाजूंना येऊन उभे राहतात. एक शंका काढतो, दुसरा "म्हणजे काय?" विचारतो. सोबती काढला, सोबत्याची खुर्ची तशीच राहिली. तिसऱ्या भागात डॉक्टर खरोखर एकटा पडतो तेव्हा संवाद जवळजवळ बंदच होतात. पुढच्या जानेवारीत लीला आली.

दुसरं, 'हेवन सेंट', २०१५. क्लारा मेलेली. डॉक्टर एका किल्ल्यात एकटाच. पण डोक्यातल्या डोक्यात त्याने टार्डिस उभी केलीय, आणि तिथे क्लारा पाठमोरी उभी राहून फळ्यावर खडूने प्रश्न लिहिते. जवळजवळ शेवटपर्यंत तोंड दिसत नाही, फक्त पाठ आणि खडूचा आवाज. ही जागा का हे मला बरोबर कळलंय. माणूस गेला, पण त्याने विचारलेला प्रश्न डॉक्टरला हवाच आहे.

तिसरं, 'मिडनाइट', २००८. डोना मागे आरामात पहुडलेली, डॉक्टर एका गाडीत अनोळखी प्रवाशांबरोबर. संकट आल्यावर नेहमीसारखा पुढे होऊन बोलायला लागतो आणि प्रवासी विचारतात, तू कोण? इथे "हा बरा माणूस आहे" असं सांगणारं कोणी नाही. थोड्याच वेळात तेच लोक त्याला बाहेर फेकायला निघतात.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सोबती ही त्याची ओळखपत्रं आहेत." वाक्य चांगलं आहे. पण तेवढंच नसावं.

२० जुलै

अगदी पहिल्या कथेकडे गेलो. तिसरा भाग, ७ डिसेंबर १९६३. आदिमानवांच्या तावडीतून पळताना त्यांच्यातलाच एक जखमी होऊन पडतो. बार्बरा इतिहासाची शिक्षिका, इयन विज्ञानाचा. ही दोघं त्याला सोडून जायला तयार नाहीत. डॉक्टरला उशीर होतोय. तो खाली वाकतो आणि एक धोंडा उचलतो. टोकदार. इयन त्याचं मनगट धरतो आणि विचारतो, काय करताय? डॉक्टर सारवासारव करतो की याच्याकडून मला वाटेचा नकाशा काढून घ्यायचा होता.

तीनदा मागे घेऊन बघितलं. पहिला डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल त्या क्षणी इयनकडे बघतच नाही. चोरी पकडलेल्या मुलासारखा बाजूला बघतो. हा आपला नायक! मालिका सुरू होऊन तीन शनिवार झालेत आणि नायकाला खून करण्यापासून एका शाळामास्तरने अडवलंय.

नवा रकाना काढला : 'अडवलं का?' तीन जुने रकाने खोडले.

२६ जुलै, शनिवार

माझ्याच लाडक्या सेरा जेनने रकान्याची वाट लावली.

'जेनेसिस ऑफ द डालेक्स', १९७५, शेवटचा भाग. डॉक्टरच्या हातात दोन तारा. जोडल्या की डालेक जन्मायच्या आधीच संपले. तो थांबतो आणि विचारतो, मला हा अधिकार आहे का? आणि सेरा जेन अडवत नाही, उलट घाई करते. रोगाचे जंतू असते तर तुम्ही मागेपुढे पाहिलं असतं का, हा तिचा युक्तिवाद. बिनतोड आहे, आणि तरी डॉक्टरला तो पटत नाही.

"तुझ्या बाईला शून्य मार्क," भाचा.

शून्य का म्हणून? तिने डॉक्टरला दुसरी बाजू दिली. ती नसती तर त्याची शंका नुसतं स्वगत झाली असती. तिच्यामुळे तो वाद झाला. रकान्याचं नाव बदलून 'काय मागितलं?' केलं. अडवणं ही मागणी, घाई करणं हीसुद्धा मागणीच. शेजारी दुसरा रकाना, 'काय मिळालं?'

मार्क देणं बंद झालंय, हे लिहिताना लक्षात आलं. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

२७ जुलै, रविवार

'द अॅझ्टेक्स', मे-जून १९६४. चारही भाग शाबूत आहेत, हे नशीब. लेखक जॉन लुकारोटी.

टार्डिस एका थडग्यात उतरते. बार्बरा तिथलं एक कडं सहज हातात घालते आणि लोक तिला पुरोहित येटाक्साचा अवतार समजतात. बाईच्या हातात एकदम सत्ता. तिला पुढचा इतिहास पाठ आहे. नरबळीची प्रथा आत्ताच बंद पाडली तर स्पॅनिश येतील तेव्हा या संस्कृतीतलं चांगलं तरी वाचेल, असा तिचा हिशोब. डॉक्टर तिला बजावतो : इतिहासाची एक ओळसुद्धा बदलता येणार नाही. ती ऐकत नाही, बळी थांबवते. आणि ज्याचा बळी जायचा असतो त्यालाच तो अपमान वाटतो. तो स्वतःहून खाली उडी घेतो.

हे मला आठवत होतं. शेवट विसरले होते. आपण हरलो, असं बार्बरा म्हणते. डॉक्टर म्हणतो, संस्कृती वाचवणं तुला जमलं नाही, पण एका माणसाच्या उपयोगी पडलीस. तो माणूस म्हणजे ऑटलॉक, ज्ञानाचा पुरोहित. बार्बराच्या बोलण्याने त्याची श्रद्धा ढळते आणि तो सगळं सोडून रानात निघून जातो.

एक माणूस. भाच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. दोघांनाही पॉम्पेई आठवलं होतं. पण क्रमाने जायचं ठरलंय, मध्ये स्टीव्हन आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

'द मॅसेकर', फेब्रुवारी १९६६. चित्र नाही. बीबीसीने त्या काळात टेपा पुसून पुन्हा वापरल्या, त्यात साठच्या दशकातले पुष्कळ भाग गेले. त्यात या कथेचा एकही भाग उरला नाही. आवाज मात्र आहे, कारण काही प्रेक्षक घरच्या टेपरेकॉर्डरवर कार्यक्रमाचा आवाज धरून ठेवत. लेखक पुन्हा लुकारोटी, शेवटच्या भागाला डोनल्ड टॉशचंही नाव आहे.

दिवा बंद करून ऐकलं. पॅरिस, १५७२. प्रोटेस्टंटांची कत्तल व्हायला काही तास उरलेत. स्टीव्हन टेलर, एरवी पुढच्या काळातला अंतराळवीर, इथे जवळजवळ पूर्ण कथा डॉक्टरशिवाय काढतो. अॅन शॅपले नावाची मोलकरीण त्याच्यासोबत असते. डॉक्टर परत येतो, तारीख ऐकतो, आणि अॅनला सांगतो, जपून तुझ्या आँटच्या घरी जा. ती म्हणते तिथे गेले तर मला मारतील. तरी जा म्हणतो. स्टीव्हनला ओढत टार्डिसकडे नेतो.

"आँट म्हणजे मावशी की आत्या?" भाच्याने मध्येच विचारलं. इंग्रजीत एकच शब्द, कळायला मार्ग नाही. "मावशी असती तर वाचली असती," तो म्हणाला. बरं.

मग टार्डिसमधलं भांडण. स्टीव्हन म्हणतो, माणसाच्या जिवाची तुमच्या लेखी एवढीच किंमत असेल तर पुढे जिथे थांबाल तिथे मी उतरणार. यंत्र थांबतं, दार उघडतं, तो खरंच जातो.

त्यानंतर हार्टनेलचं स्वगत, एकट्या खोलीत. सगळे गेले, कोणालाच कळलं नाही, माझ्या लहानग्या सुझनलासुद्धा नाही. मग व्हिकी, बार्बरा, आणि चॅटर्टन... तो थांबतो आणि चेस्टर्टन असं सुधारतो. इयनचं आडनाव तो पहिल्यापासून चुकवायचा, ती एक गंमत होती. इथे, ऐकायला कोणीच नसताना, तो स्वतःहून दुरुस्त करतो. चित्र नसल्यामुळेच असेल, पण मधल्या त्या थांबण्याने माझ्या घशात काहीतरी अडकलं. शेवटी म्हणतो, घरी, माझ्या ग्रहावर परत जावं का? पण जाता येत नाही. जाता येत नाही.

तक्त्यात : मागितलं, अॅनचा जीव. मिळालं... रिकामं ठेवलंय. कारण पुढे जे होतं ते 'मिळालं' मध्ये धरायचं का, यावर एकमत नाही.

३ ऑगस्ट

'द फायर्स ऑफ पॉम्पेई', १२ एप्रिल २००८. भाच्याचा दिवस. त्याने संवादही पाठ म्हणून दाखवले.

पुन्हा तोच पेच. इ. स. ७९, ज्वालामुखी फुटणार. डॉक्टर म्हणतो हे ठरलेलं आहे, हात लावता येत नाही. डोना इतिहास शिकवत नाही, अंतराळवीर नाही, ती चिझिकची, मिळेल त्या ऑफिसात हंगामी कामं करणारी बाई. तिला नियमाशी देणंघेणं नाही, समोरची पोरं दिसतात. पुढे कळतं की ज्वालामुखी फोडायला कळ डॉक्टरलाच दाबायची आहे, नाहीतर सगळं जग जाईल. तो हात ठेवतो. त्याच्या हातावर डोना हात ठेवते. इयनने मनगट धरलं होतं ते मागे खेचायला. इथे बाई म्हणते आहे, करायचंच असेल तर एकट्याने करू नका. दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले, दोन खिडक्यांत, चित्र थांबवून. काळंपांढरं आणि रंगीत, मध्ये ४४ वर्षं.

मग टार्डिसमध्ये ती रडून ओरडून मागते : सगळं गाव नको, कोणीतरी एक. नुसतं कोणीतरी एक. यंत्र वळतं. राखेच्या अंधारात दार उघडतं, केसिलियसचं कुटुंब कोपऱ्यात बसलेलं, डॉक्टर हात पुढे करतो.

बार्बराला 'एक माणूस' शेवटी समजूत म्हणून मिळाला होता. डोनाने तो आधीच मागून घेतला. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग जिंकली ना?" मी म्हटलं, बार्बराने वाट पाडली म्हणून. खरं सांगायचं तर थोडी जिंकलीच.

पुढचा धागा फार सुंदर. केसिलियस झालेला नट पीटर कपाल्डी पुढे स्वतःच डॉक्टर झाला. २०१५ च्या 'द गर्ल हू डाइड' मध्ये डॉक्टर पाण्यात आपला चेहरा बघतो आणि त्याला उमगतं की हा चेहरा मी का घेतला. आठवण राहावी म्हणून, की मी माणसं वाचवतो. नटनिवडीतला योगायोग नंतर कथेत ओवून घेतलाय हे दिसतंच, पण काय ओवलंय! एका हंगामी कारकुनाचा हट्ट डॉक्टरने तोंडावर चढवून घेतला.

८ ऑगस्ट

रांग फार सरळ दिसायला लागली म्हणून मुद्दाम उलटी उदाहरणं शोधली.

टीगन, १९८२ : एड्रिक मेल्यावर मागे जाऊन त्याला वाचवा म्हणते. डॉक्टर साफ नाही म्हणतो, पुन्हा असलं काही मागायचं नाही असंही बजावतो. दोन वर्षांनी तीच टीगन, आता यात मजा उरली नाही, असं सांगून पळत निघून जाते.

रोझ, २००५, 'फादर्स डे' : मागतच नाही. १९८७ मध्ये गाडीखाली येणाऱ्या बापाला धावत जाऊन ओढते. जग फाटायला लागतं. बाप स्वतः समजून पुन्हा गाडीसमोर जातो. यात डॉक्टरचा रुसवा मला अजिबात पटला नाही. पोरीला बापाच्या मरणाच्या जागी नेऊन उभी करायची आणि वर तिलाच मूर्ख म्हणायचं!

अॅडलेड ब्रूक, २००९, 'द वॉटर्स ऑफ मार्स' : सोबती नाहीच. डॉक्टर एकटाच आहे, तिने न मागता तिला वाचवतो आणि आता काळाचे नियम माझे म्हणतो. ती घरात जाऊन स्वतःला संपवते. डोनाने मागितलं तेव्हा दया होती, कोणी न मागता त्याने दिलं तेव्हा मस्ती झाली. करणी तीच.

क्लारा, २०१३, पन्नासाव्या वर्षाचा भाग : ती आख्खा ग्रह मागते, आणि मिळतो. मागणी वाढत गेली हे खरं, पण मला इथे थोडं स्वस्त वाटलं. पॉम्पेईत चार माणसांना जी किंमत होती ती अब्जावधींना राहिली नाही. भाचा चिडला. त्याच्या मते तो सर्वांत चांगला भाग. असू दे.

१० ऑगस्ट, रविवार

आणखी एक रकाना आपोआप तयार झाला : 'कशाला नाही म्हटलं?'

सुझनला नाही म्हणायची संधीच दिली नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये आजोबाने दार आतून लावून घेतलं आणि तुझं इथेच भलं आहे असं सांगून तो गेला. आपल्याकडे लोक या प्रसंगाला हळवे होतात. मला राग येतो.

जेमी आणि झोई, १९६९ : टाइम लॉर्ड, म्हणजे डॉक्टरचेच लोक, त्यांच्या आठवणी पुसतात, पहिल्या भेटीची तेवढी ठेवतात. तिथे निदान अन्याय करणारे दुसरे होते. २००८ मध्ये डोना स्पष्ट 'नको, नको' म्हणत असताना डॉक्टर स्वतः तिच्या आठवणी पुसतो. तिचा जीव वाचवायला, कबूल. पण तिला वाचवायचं होतं कशापासून? ज्या बाईने त्याला 'एक माणूस' वाचवायला शिकवलं तिच्याच डोक्यातून तो प्रसंग काढून टाकला. भाचा इथे उठून पाणी प्यायला गेला. (त्या आठवणी परत यायला २०२३ उजाडावं लागलं.)

२०१५ मध्ये क्लारावर तीच वेळ येते आणि ती म्हणते, उद्याचा भरवसा कोणालाच नसतो, पण माझा भूतकाळ माझा आहे. त्या वेळी विसरतो तो डॉक्टर. मग २०१७, बिल पॉट्स, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये चिप्स वाढणारी मुलगी. पहिल्याच भागात डॉक्टर तिच्या कपाळाकडे बोटं नेतो. ती एवढंच म्हणते, हे कोणी तुमच्याबरोबर केलं तर कसं वाटेल? पार्श्वसंगीतात क्लाराची धून येते. डॉक्टरला आठवत नाही, पण त्याचा हात थांबतो.

पुन्हा हातच.

१५ ऑगस्ट

उरलेले पटकन. लिझ शॉ : केम्ब्रिजची शास्त्रज्ञ, म्हणून तिला समजावून सांगायला काही उरेना. निरोपाचा प्रसंगही न दाखवता घालवली. डोडोचंही तेच. मार्था जोन्स : वर्षभर पायी जग फिरून डॉक्टरला वाचवते आणि मग स्वतःच्या पायाने घरी जाते. नकार म्हणून हा मला सगळ्यांत धडधाकट वाटतो. रोरी : शांत माणूस, रागावतो तेव्हा डॉक्टर ऐकतो.

बेलिंडा चंद्रा, २०२५. परिचारिका. पहिल्याच भागात डॉक्टर न विचारता तिची तपासणी करतो आणि ती तिथेच सुनावते, शिवाय मी तुमचं साहस नाही, मला घरी सोडा, असंही. वाटलं, आता साठ वर्षांची कसर भरून निघणार. शेवटच्या भागात एका मुलीला वाचवण्यासाठी डॉक्टर वास्तवच बदलतो आणि बेलिंडा पहिल्यापासून त्या मुलीची आई होती असं होऊन बसतं. बाईला विचारलं कोणी? १९६४ मध्ये इतिहासाची एक ओळ बदलायची नव्हती. इथे सोबत्याच्याच आयुष्याचा धडा नव्याने लिहिला, आणि कथेने त्याला सुखाचा शेवट म्हटलं.

भाचा म्हणतो मी फार कडक बोलतेय. त्या रकान्यात त्याच्या अक्षरात 'घर' लिहिलंय, माझ्या अक्षरात प्रश्नचिन्ह. दोन्ही ठेवलं.

१७ ऑगस्ट, रविवार

तक्ता पूर्ण, एक चौकट सोडून. ब्रिगेडियरचा कागद कोराच. नंबर काढलेले नाहीत. भाच्याने मागितलेही नाहीत, फक्त डोनाच्या ओळीखाली त्याने हलकी रेघ मारलेली मला दिसली. मी सेरा जेनखाली मारली.

राहिला स्टीव्हन. तो टार्डिसमधून निघून जातो. तेवढ्यात एक मुलगी अपघाताची मदत मागायला, पोलिसांची पेटी समजून आत घुसते. डोडो. मागोमाग स्टीव्हनही परत येतो, पोलीस येतायत म्हणून सांगायला. यंत्र निघतं. आणि ती नाव सांगते : डोरोथिया शॅपले. आजोबा फ्रेंच होते म्हणते. स्टीव्हन डॉक्टरकडे बघत असणार, आवाजावरून तसं वाटतं. म्हणजे अॅन वाचली असेल? डॉक्टर म्हणतो, शक्य आहे रे बाळा, अगदी शक्य आहे.

"पण आडनाव बापाकडून येतं ना?" भाचा म्हणाला. "अॅनला मुलं झाली असती तरी ती शॅपले कशी?"

लग्न न करता झाली असतील, म्हटलं. किंवा नवरा चुलत घराण्यातला असेल. किंवा डॉक्टरने पोराला बरं वाटावं म्हणून होला हो केलं असेल.

त्याने थोडा विचार केला. मग पेन घेऊन 'काय मिळालं?' च्या चौकटीत लिहिलं : आडनाव.